संकल्पातील देश आणि काळ : मुलांसाठी एक पाठ

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान हातात उदक घेऊन संकल्प सोडतो. त्यात प्रथम देशकालाचा उच्चार असतो : द्वीप, वर्ष, खंड, नदीचा तीर, पुढे संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, आणि शेवटी गोत्र व नाव. विशाल विश्वापासून निघालेले हे शब्द एका माणसापाशी येऊन थांबतात. मी कोण आणि कोठे उभा आहे, हे सांगितल्यावाचून पूजा सुरू होत नाही. तथापि आपली मुले हे शब्द अर्थ न जाणता ऐकतात, आणि क्वचित म्हणणाऱ्यासही त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. तो दोष प्रस्तुत लेखकाचाच आहे.

मी शाळेत असताना वडील आजारी पडले, म्हणून येथे इंदुरातच एका घरी गणेशपूजनास मला पाठविण्यात आले. एका छापील पुस्तकातून मी संकल्प पाठ केला होता. त्यात गोदावरीचा दक्षिण तीर होता. मी तो खणखणीत आवाजात म्हटला. यजमानांची शाळकरी कन्या शेजारी बसली होती. तिने विचारले, "गुरुजी, इंदुरात गोदावरी कोठे वाहते हो?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन वडिलांना सांगितले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "अरे, आपण नर्मदेच्या उत्तर तीरावर आहोत. जेथे उभा आहेस, तेथूनच देवाला हाक मार."

त्या दिवसापासून मी आपल्या भूमीकडे पाहू लागलो. इंदूर माळव्याच्या पठारावर वसले आहे. येथील कान्ह नदी उत्तरेस वाहत जाऊन क्षिप्रेस मिळते. क्षिप्रेचे पाणी चंबळेत, चंबळेचे यमुनेत, यमुनेचे गंगेत जाते. नर्मदा मात्र विंध्याच्या पलीकडे दक्षिणेस आहे. मंडलेश्वरजवळील जलूद येथून तिचे पाणी घाट चढवून १९७८ पासून आपल्या नळांना येते. म्हणजे आपल्या अंगणातील पाऊस गंगेस जातो आणि आपल्या घागरीत नर्मदा असते.

काळाचेही असेच आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, शेजारच्या माळवी कुटुंबाचा पौर्णिमेस. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपण गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीस मानतो. शेजारी तीच तिथी भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. चंद्र एक, दिवस एक, नावे दोन. उज्जयिनीस महाकालाची सवारी श्रावणाच्या सोमवारी निघते आणि भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही चालू राहते. दोन्ही श्रावण तिच्यात सामावतात.

मग आपण कोठले? पुण्यास आप्तांच्या लग्नात गेलो, की आपली हिंदीमिश्रित मराठी ऐकून "तुम्ही बाहेरचे वाटते" असे म्हणतात, येथे परतलो, की वर्गातील सोबती "मूळचे कोठले?" असे विचारतात. मूल दोन्हीकडे गोंधळते आणि हळूहळू दोन्हीकडे गप्प राहू लागते. ही लहान गोष्ट नव्हे. त्याला संकल्प दाखवावा. गोत्र पूर्वजांचे सांगते, तीर आजच्या भूमीचा सांगतो, आणि दोन्ही एका श्वासात उच्चारावयाचे असतात. एकाने दुसऱ्याचा लोप होत नाही. होळकरांनी नीरेकाठच्या होळ गावाचे नाव आडनावात जपले आणि राज्य माळव्यात केले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडीस झाला. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी नर्मदातीरी महेश्वराहून कारभार पाहिला. त्या चौंडीच्या की महेश्वरच्या, असे विचारणे व्यर्थ आहे.

पालकांनी पुढील अभ्यास मुलामुलींकडून सुटीत करून घ्यावा :

१. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून गोत्र, कुलदैवत व मूळ गाव लिहावे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असल्यास ते गाव नकाशात शोधावे.

२. घरातील जुनी कागदपत्रे पाहावीत. १९४८ पूर्वी होळकर संस्थान, नंतर मध्यभारत, १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्यप्रदेश : घर न हलता राज्याचे नाव कसे बदलले ते टिपावे.

३. एका शेजाऱ्यास आजची तिथी विचारून आपल्या पंचांगाशी ताडून पाहावी.

४. शेवटी आपला देशकाल मराठीत, स्वतःच्या शब्दांत, दहा ओळींत लिहावा.

तो कागद पुढील पूजेच्या वेळी देवापुढे ठेवावा. उदक सोडताना आपण काय म्हणतो, हे त्या दिवशी मुलास ठाऊक असेल, आणि कोणी "तू कोठला?" असे विचारले, तर ते खाली मान न घालता उत्तर देईल.