थंड प्रदेशातील औद्योगिक भांग : वाणाची निवड

भांगेच्या झाडाचे उपयोग तीन प्रकारचे आहेत. खोडाच्या सालीपासून वाख निघतो, बियांपासून तेल व खाद्य मिळते, आणि मादी झाडाच्या तुऱ्यांवरील राळेत मादक द्रव्य असते. पहिल्या दोन उपयोगांसाठी, म्हणजे वाख व बी यांसाठी, मादक द्रव्य अत्यल्प असलेल्या वाणांचे जे पीक घेतात त्यास औद्योगिक भांग म्हणतात. युरोपातील अनेक देशांत व कॅनडात हे पीक कायदेशीर रीतीने घेतले जाते. भारतात उत्तराखंड राज्याने २०१८ साली त्याच्या लागवडीचे परवाने देण्यास आरंभ केला. अशा थंड मुलखात या पिकाचे वाण कसे निवडावे, याचा विचार येथे केला आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग आणि शेताच्या कडेने लावतात ती अंबाडी ही भांगेहून सर्वस्वी वेगळी झाडे आहेत. ताग हा शेंगवर्गातील आहे, तर अंबाडी भेंडीच्या कुळातील आहे. तिन्हींपासून वाख निघतो एवढेच त्यांचे साम्य होय. ताग व अंबाडी यांस परवाना लागत नाही, भांगेस लागतो.

दिवसाची लांबी व फुलोरा

थंड प्रदेशासाठी वाण म्हटले की जे थंडी सोसते ते वाण, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. भांगेची रोपे कोवळेपणी शून्य अंशाखालील सौम्य थंडी थोडा वेळ सहज सोसतात. खरा धोका पुढे असतो. बी भरत असता हिमतुषार पडला, म्हणजे दव गोठून पानांवर पांढरा थर आला, तर दाणा पोचट राहतो. म्हणून पीक फुलावर केव्हा येते, हाच निवडीचा मुख्य प्रश्न आहे.

भांग हे लहान दिवसांचे पीक आहे. दिवस मोठे असेतो झाड उंच वाढत राहते, आणि ते ठरावीक मर्यादेखाली आले की फुलावर येते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा अनुभव नवा नाही. जूनमध्ये पेरलेली तूर माणसाच्या डोक्याएवढी वाढते. तीच सप्टेंबरात पेरली तर झाड ठेंगणे राहून लवकर फुलते. कोकणात भाताच्या हळव्या, निमगरव्या व गरव्या जाती मानतात, तसेच भांगेच्या वाणांतही लवकर, मध्यम व उशिरा येणारे असे भेद आहेत.

फिनलंडमधील अनुभव

फिनलंड हा देश ६० अक्षांशाच्याही उत्तरेस पसरलेला आहे. जूनच्या अखेरीस तेथील हेलसिंकी शहरी दिवस सुमारे १९ तासांचा असतो. त्याच सुमारास पुण्यास तो सव्वातेरा तासांचाही नसतो. दक्षिणेकडील गरवे वाण तेथे नेले तर ते उन्हाळाभर केवळ उंच वाढते. हेलसिंकीचा दिवस १४ तासांवर येतो तो सप्टेंबरच्या आरंभी. तोवर फुलाची वाट पाहिली, तर पुढे दाणा भरण्यास लागणारा सुमारे दीड महिना उरतच नाही. मोठी झाडे उभी दिसतात, पण मळणीच्या वेळी हाती काही येत नाही.

यावर उपाय म्हणून रशियाच्या उत्तर भागातील लवकर येणाऱ्या बियाण्यापासून फिनलंडमध्ये ‘फिनोला’ हे वाण निवडून तयार करण्यात आले. त्याचे वैशिष्ट्य असे की, दिवस कितीही मोठा असला तरी उगवल्यापासून सुमारे एक महिन्यात ते फुलावर येते आणि चार महिन्यांच्या आत त्याचे बी तयार होते. झाड ठेंगणे राहते, त्यामुळे कापणी सोपी जाते. वाख मात्र थोडा मिळतो. हे बियांसाठी काढलेले वाण आहे, वाखासाठी नव्हे.

हिमालयातील थंडी वेगळी

फिनोलाची कीर्ती ऐकून कोणी ते बी कुमाऊँच्या डोंगरात पेरले, तर त्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. अल्मोडा हे गाव सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथे थंडी असते ती उंचीमुळे. १००० मीटर वर चढले की तपमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरते. परंतु सूर्याचा दिवस उंचीने बदलत नाही, तो अक्षांशाने बदलतो. अल्मोड्याचा सर्वांत मोठा दिवस १४ तासांच्या आसपास असतो. फिनलंडच्या मानाने हा दिवस लहानच होय. उत्तरेकडील अतिहळवे वाण तेथे रोप लहान असतानाच फुलते, झाड खुजे राहते व उत्पन्न घटते.

उलट, उत्तराखंडच्या डोंगरातील स्थानिक भांग तेथील दिवसमानाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेली आहे. तिच्या भाजलेल्या बियांची चटणी तेथे घरोघरी करतात व सालीचे दोर वळतात. पण स्थानिक झाडांत मादक द्रव्याचे प्रमाण पुष्कळदा कायद्याच्या मर्यादेबाहेर असते. तेव्हा केवळ गावचे बी म्हणून तेही पेरता येत नाही. त्याच दिवसमानाशी जुळणारे पण मादक द्रव्य कमी असलेले, तपासलेले वाणच तेथे हवे.

सारांश, एकाच तपमानाची दोन गावे एकाच वाणास योग्य असतील असे नाही. थंडी उंचीची आहे की अक्षांशाची, हे आधी पाहावे.

वाख हवा की बी ?

निवडीचा दुसरा आधार म्हणजे पिकाचा हेतू. वाखासाठी पीक फुलोऱ्याच्या सुमारास कापतात. बी पिकण्याची वाट पाहावयाची नसते. म्हणून उत्तरेकडील प्रदेशात वाखासाठी मुद्दाम गरवे वाण घेतात. ते फुलावर उशिरा येते, तोवर खोड उंच वाढते व वाख अधिक मिळतो. बियांच्या पिकासाठी याच्या उलट हळवे वाण घ्यावे लागते.

युरोपातील प्रचलित वाणांत ‘युसो-३१’ हे फार लवकर येणारे, ‘फेडोरा-१७’ लवकर येणारे, ‘फेलिना-३२’ मध्यम, तर ‘फुतुरा-७५’ उशिरा येणारे आहे. या चारही वाणांत नर व मादी फुले एकाच झाडावर येतात, त्यामुळे सर्व पीक साधारण एकदमच तयार होते. फिनोलात नर झाडे वेगळी असतात. पराग सांडल्यावर ती वाळून जातात व बी केवळ मादी झाडांवर धरते.

पेरणीचे प्रमाणही हेतूप्रमाणे ठेवावे. वाखासाठी हेक्टरी ५० ते ६० किलो बी दाट पेरतात, म्हणजे खोडे सरळ व बारीक वाढतात. बियांच्या पिकास हेक्टरी २० ते ३० किलो पुरते. जमिनीचे तपमान ८ ते १० अंशांवर आल्यावर २ ते ३ सेंटिमीटर खोल पेरावे. पाणी साचणारी जमीन टाळावी. साचलेल्या पाण्यात रोपे तग धरीत नाहीत.

निवडीपूर्वी करावयाचा हिशेब

ग्रामसेवकाने शेतकऱ्याबरोबर बसून पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात.

(१) गावी पहिला हिमतुषार साधारणपणे कोणत्या तारखेस पडतो ? गावातील वृद्धांस ही तारीख ठाऊक असते.

(२) त्या तारखेपासून दीड महिना मागे मोजावा. पहिला हिमतुषार १५ ऑक्टोबरच्या सुमारास पडत असेल, तर बियांचे पीक १ सप्टेंबरपर्यंत फुललेच पाहिजे.

(३) त्या तारखेपर्यंत फुलणारे वाण आपल्याच अक्षांशावर कोणी घेऊन पाहिले आहे काय ? दूरच्या उत्तरेकडील अनुभव येथे पुरावा म्हणून धरू नये.

(४) काढणीच्या काळात पाऊस किंवा धुके असते काय ? थंड व दमट हवेत दाट तुऱ्यांवर करडी बुरशी धरते. अशा ठिकाणी पावसाळी दिवसांपूर्वी निघणारे वाण बरे.

(५) बियाण्यास मान्यतेचा दाखला आहे काय ? भांगेचा पराग वाऱ्याने फार दूर जातो. शेजारी रानटी भांग असल्यास घरच्या बियाण्यात भेसळ होते व पुढील पिढीत मादक द्रव्याचे प्रमाण वाढू शकते. म्हणून दर हंगामास दाखल्याचे बी घ्यावे.

नवे वाण प्रथम परवान्याच्या मर्यादेत लहानशा पट्ट्यावर घेऊन पाहावे. उगवण, पहिले फूल, दाणा कठीण होणे व पहिला हिमतुषार या चार तारखांची नोंद ठेवावी. एका हंगामाची ही नोंद विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते. सर्व दाणे पिकण्याची वाट पाहू नये. बहुतेक दाणे कठीण झाले की कापणी करावी, नाहीतर खालचे दाणे गळतात व पाखरे उरलेले नेतात. बी साठविण्यापूर्वी त्यातील ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर आणावा.

कायद्याची मर्यादा

१९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानुसार परवान्यावाचून भांगेची लागवड करणे हा गुन्हा आहे. त्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाख, बी किंवा उद्यानविद्या यांसाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम १४ अन्वये शासनास आहे. उत्तराखंडात मादक द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. युरोपीय संघानेही २०२३ पासून तीच मर्यादा धरली आहे. मर्यादेबाहेरचे पीक विकता येत नाही आणि शेतकऱ्याचा सारा हंगाम वाया जातो. महाराष्ट्रात कोणी हे बी विकावयास आणले, तर प्रथम परवाना पाहावा. परवाना नसल्यास ते घेऊ नये.

वाणाच्या पिशवीवर ‘थंड प्रदेशासाठी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती माहिती अर्धवट समजावी. कोणत्या अक्षांशावरील थंडी, फूल किती दिवसांत, आणि वाखासाठी की बियांसाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पेरणी करू नये.