मुठीच्या आत काय आहे ते बघा

चाकू मी चुकीचा वापरला, असं तो दुकानदार आजही गिऱ्हाइकांना सांगत असणार. म्हणून आधी तेच लिहितो. मी काथ्याचं दावं कापत होतो. चार इंची पात्याचा, कमरेला म्यानात अडकवायचा चाकू, खोक्यावर ‘शेतीकामासाठी मजबूत’ असं छापलेलं. अशा चाकूने दावं कापणं हा गैरवापर असेल, तर त्याचा योग्य वापर कोणता, हे मला कुणीतरी सांगावं.

वासरू उतारावरून घसरलं होतं आणि दाव्याचा पीळ त्याच्या मानेला बसला होता. जीभ बाहेर आलेली. मी पातं दाव्याखाली सरकवलं, धार वासरापासून लांब ठेवली आणि अंगाकडे न ओढता बाहेरच्या बाजूला रेटलं. अर्धं दावं तुटलं आणि कट्‌ असा आवाज आला. पातं दाव्यात अडकून राहिलं, मूठ माझ्या हातात आली आणि जोरात असलेला हात सरळ त्या पात्यावर गेला. तर्जनीच्या मुळापासून तळहात उघडला. बायकोने माडाखालची कोयती आणून एका घावात दावं तोडलं. वासरू वाचलं. मला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि ऐन कलमं भरायच्या दिवसांत उजवा हात गळ्यात बांधून बसावं लागलं.

दवाखान्यात, घरी, वाडीत, सगळीकडे एकच ऐकलं: ‘जपून वापरायला हवा होता.’ हातावरच्या टाक्यांपेक्षा हे वाक्य जास्त बोचलं. आमच्याकडे पोर शाळेत जायच्या आधी कोयती हातात घेतं. कमरेच्या आकडीत कोयती अडकवून मी झाडावर चढत आलो आहे. हत्यार कसं धरायचं, हे मला शिकवायची गरज नव्हती.

खरी गोष्ट रात्री कळली. डाव्या हाताने ती तुटकी मूठ दिव्याखाली धरली. आत पोलाद नव्हतंच. लाकडात एक भोक, भोकात पिवळा पडलेला गोंद आणि त्या गोंदात रुतून मोडलेला सळईचा तुकडा, करंगळीच्या एका पेराएवढा. मुठीवर तीन पितळी रिव्हेट होते, दुकानात बघताना सगळ्यात आधी नजरेत भरले होते ते. पकडीने एक उपटला. तो खिळ्याच्या टोपीसारखा अलगद निघाला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. एकही आरपार गेलेला नव्हता, एकानेही पोलादाला शिवलं नव्हतं. ते नुसते दाखवायला ठोकले होते. मी कितीतरी वेळ ते तीन तुकडे पाटावर ठेवून बघत बसलो. कारागिराचा हात चुकतो, ते समजू शकतो. पण इथे कुणीतरी बसून, विचार करून, खोटे रिव्हेट बसवले होते. रिव्हेट दिसला की माणूस विश्वास ठेवतो, हे त्याला ठाऊक होतं. माझा हात कापला जाण्याची तयारी कुठल्यातरी कारखान्यात आधीच झाली होती.

आणि मी विचारलं होतं. खोक्यावर ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं, असं लिहिलेलं वाचून मी दुकानदाराला विचारलं, की पोलादाची पट्टी मुठीच्या कडेला दिसत का नाही? तो म्हणाला, ‘काका, आतून पूर्ण आहे. हाताला गार लागू नये म्हणून वरून लाकूड घेतलंय.’ बाजूला उभ्या असलेल्या पोराने मान डोलावली. हे मी विसरणार नाही.

तुटका चाकू घेऊन गेलो तेव्हा त्याच माणसाची भाषा बदलली. आधी म्हणाला, पावती दाखवा. पावती दाखवली. मग म्हणाला, धारदार वस्तूला वॉरंटी नसते. मी रिव्हेट काउंटरवर ठेवले, तर त्याकडे न बघता म्हणाला, ‘दोरखंड कापायला कोयती वापरायची, काका. हा फळं कापायचा आहे.’ शेतीकामाचा चाकू आठवड्यापूर्वी मजबूत होता, आता तो फळं कापायचा झाला. माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. शेवटी गिऱ्हाइकं ऐकायला लागली तेव्हा पैसे काढून दिले, तेही उपकार केल्यासारखे. ‘चुकलं’ हा शब्द आला नाही. त्याच्यामागे भिंतीवर तसेच चाकू ओळीने टांगलेले होते.

तेव्हा आता कुणी माझ्याकडून चाकू घ्यायचा सल्ला मागितला, तर मी पात्याबद्दल शेवटी बोलतो, आधी मूठ.

पात्याचं पोलाद मुठीतून कसं जातं, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पूर्ण पट्टीचा चाकू असेल तर मुठीच्या पाठीवर, पोटावर आणि मागच्या टोकाला पोलादाची अखंड रेघ दिसते, लाकूड तिच्या दोन्ही बाजूंना असतं आणि रिव्हेट एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला निघतो. रेघ दिसत नसेल तर तो पूर्ण पट्टीचा नाही, विकणाऱ्याने काहीही सांगू दे. आता, पात्याची मुठीत लपलेली शेपटी म्हणजे फसवणूकच, असंही नाही. आमच्या लोहाराची कोयती तशीच असते. पण तिची शेपटी लाकडातून आरपार काढून मागे वळवून ठोकलेली असते आणि ते वळलेलं टोक बोटाला लागतं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंचंही तसंच. त्यांच्या साध्या, स्वस्त चाकूंची मूठ प्लास्टिकची आणि शेपटी आत लपलेली, तरी रोजच्या कामाला ते वर्षानुवर्षं टिकतात. पातं सुमारे दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. ते कुणाला खोटं सांगत नाहीत, एवढाच काय तो फरक.

जाडीवरून आठवलं. हल्ली तरुण मुलं पाच-सहा मिलिमीटर जाड, काळ्या रंगाचे, पाठीला करवतीचे दात असलेले चाकू घेऊन फिरतात. त्या चाकूंनी फणसाची डहाळी तुटेल कदाचित, पण आंबा नीट चिरला जाणार नाही आणि सुंभ तर त्याहून नाही. रोज बाळगायच्या चाकूची पाठ अडीच-तीन मिलिमीटर पुरे. पातं साडेतीन ते चार इंच. मूठ पात्याएवढी तरी लांब हवी, चारही बोटं तिच्यावर बसली पाहिजेत. आणि पातं सुरू होतं तिथे बोट पुढे घसरू नये म्हणून मुठीला थोडा उंचवटा हवाच. पावसात, चिकाने माखलेल्या हातात त्याची किंमत कळते.

घडीचा चाकू घ्यावा का, असं विचारतात. शहरात पेन्सिल तासायची असेल तर जरूर घ्या. आंब्याचा चीक, काजूच्या बोंडाचा रस आणि लाल माती सांध्यात गेली की घडी उघडत नाही, किंवा कामाच्या मधेच बोटांवर मिटते. बागेत सरळ पात्याचाच हवा. कलमाचा चाकू मात्र वेगळा ठेवा. मृदुकाष्ठ कलमाची पाचर एका सरळ कापात, गुळगुळीत निघाली पाहिजे, आणि ज्या पात्याने पोतं फाडलं त्याच पात्याने कलम भरलं तर ते मरणारच.

पोलादाचं म्हणाल तर ‘हाय कार्बन’ आणि ‘दमास्कस’ या दोन शब्दांवर कान बंद करा. दमास्कस म्हणून दाखवतात त्या पात्यावरच्या लाटा आम्लाने किंवा लेसरने वरच्यावर काढता येतात आणि बाजारातल्या कितीतरी लाटा तशाच असतात. चुंबक लावून बघणारेही भेटतात. चाकूंना वापरतात ती न गंजणारी पोलादं बहुतेक वेळा चुंबकाला चिकटतात, मऊ असलेलीही चिकटतात, त्यामुळे चिकटला म्हणून चांगला, असं काही नाही. उलट जो अजिबात चिकटत नाही, तो मात्र ठेवून द्या. त्या जातीच्या पोलादाला पाणी देऊन कडक करता येत नाही. खरी परीक्षा कानशीची. मुठीजवळ धारेच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकी फिरवा. घसरली तर पाणी नीट दिलेलं आहे, लोण्यात रुतल्यासारखी रुतली तर चाकू खेळण्यातला आहे. दुकानदार कानस लावू देणार नाही. लोहार देतो.

हात बरा झाल्यावर मी नवा चाकू लोहाराकडून करून घेतला. त्याने जुन्या जीपच्या कमानीचा पाटा काढला. त्या पोलादात कर्ब साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, झटका सोसण्यासाठीच ते बनवलेलं असतं. पातं आणि शेपूट एकाच तुकड्यातून, शिसवीची मूठ, रिव्हेट त्याने माझ्यासमोर आरपार ठोकले. मी मुद्दाम बसून बघितलं. त्याला ते थोडं लागलंही असेल, पण मला दुसरा इलाज नव्हता.

असं पोलाद गंजतं, हे मान्य. आमच्याकडे पावसाळ्यात काहीही गंजतं. आंबा-काजू कापल्यावर लगेच पुसा, रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पातं काळं पडतं त्याची काळजी नको, तांबूस पावडर दिसली की काळजी करा. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून म्यान खुंटीला टांगून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि आतल्या आत पातं खातं. म्यान घेताना चाकू आत घालून ते उलटं धरा आणि झटका द्या. चाकू पडला तर तो कधीतरी मांडीत पडणार आहे. पुढे पोटाजवळ लावू नका, उकिडवं बसलं की टोक जांघेत येतं. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या कुशीच्या जरा मागे लावावा.

धार लावायला सायकलवरच्या चाकवाल्याला देऊ नका. ठिणग्या उडाल्या आणि कडेला निळा डाग आला, की तिथलं पाणी उतरलं, मग ती धार परत टिकत नाही. घरचा निसणा पुरे. दगड ओला ठेवा, पात्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश उचला, म्हणजे वीस अंशांच्या आसपास कोन येतो. दोन्ही बाजू सारख्या. बोथट चाकूला जोर लागतो आणि जोर लावला की हात निसटतो.

कापताना दुसरा हात धारेच्या वाटेत नको. मांडीवर ठेवून कापायचं नाही, जांघेतली रक्तवाहिनी तुटली तर दवाखान्यापर्यंतही वेळ मिळत नाही. टोकाने डबा उघडायचा नाही. चाकू देताना मूठ पुढे. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहिलं. लागलंच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हळद-चहापूड भरू नका आणि बोट वाकतं का, सरळ होतं का, ते तिथल्या तिथे बघा. होत नसेल तर गावात टाके घालून घेऊ नका, सर्जन गाठा. माझं बोट वाकत होतं, एवढं एक नशीब.

बाजारात किंवा एसटीने जाताना चाकू घरी ठेवा. ‘तीन इंचांपर्यंत चालतो’ असं छातीठोक सांगणारे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे आणि घरगुती व शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, हे खरं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतो तेव्हा सुरे-चाकू तर सोडाच, काठ्या बाळगण्यावरही बंदी येते. तिथे इंच मोजत नाहीत. बागेत कमरेला असलेला चाकू आणि शिमग्याच्या गर्दीत कमरेला असलेला तोच चाकू, या दोहोंकडे पोलीस एकाच नजरेने पाहणार नाहीत, आणि त्यांनी तसं पाहूही नये. विमानाने जाणाऱ्यांनी तो सोबत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाकावा.

आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येते, नुसत्या वस्तूच्या किमतीची नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवरून करता येते. पावती, खोकं, छापलेला मजकूर, जखमेचे फोटो, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. पैसे परत करताना दुकानदार म्हणाला, ‘तुटका माल इथे ठेवा, कंपनीला पाठवतो.’ मी दिला नाही. पातं, मूठ आणि ते तीन रिव्हेट पिशवीत बांधून कपाटात ठेवले आहेत. तुमच्याकडेही कुणी असा तुटका माल मागितला तर देऊ नका. पावतीची प्रत द्या, फोटो द्या, पण ती वस्तू हातातून सोडू नका.