अंगाला लावून मग घ्या

पूर्वी आपण कापड वारावर घेत होतो. ते शिंप्याकडे न्यायचे. शिंपी फीत लावून माप घ्यायचा. कपडा आपल्याच अंगावर बेतला जायचा. थोडा चुकला तरी शिंपी गावातलाच. उसवून पुन्हा शिवून द्यायचा.

आता तयार कपडे आले. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या वाटेवर सिटीलँड, बिझीलँड असे मोठे ठोक बाजार झाले आहेत. तिथला माल गावोगावच्या दुकानांत जातो. पण तयार कपडा शिवणाऱ्याने आपल्याला कधी पाहिलेले नसते. तो अंगाला बसतो की नाही, हे आपणच पाहायचे. त्यासाठी पुष्कळ दुकानांत एक लहान खोली असते. तिला ट्रायल रूम म्हणतात.

अकोला जिल्ह्यातल्या एका सासू-सुनेने आम्हांला आपली गोष्ट सांगितली. सुनेला बचत गटाच्या कामासाठी नागपूरला जायचे होते. प्रवासात घालायला ड्रेस हवा होता. दोघी अकोल्याला एका दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, आत खोली आहे. घालून पाहा."

सून सासूकडे पाहू लागली. सासू म्हणाली, "कायले जातं वो आत? लोकाच्या दुकानात लुगडं सोडते का कोनी? वरूनच लावून पाय."

सुनेने साडीवरूनच ड्रेस अंगाला लावला. साडीच्या घड्यांवर माप कसे कळणार? घरी येऊन घातला, तर खांद्यात घट्ट आणि कमरेत ढगळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी. पुन्हा तिकीट. दिवसाची मजुरी बुडाली. दुकानात पाटी होती. सुनेने ती एकेक अक्षर लावून वाचली : "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पावतीही घेतलेली नव्हती. दोघी हात हलवत परत आल्या.

यात कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा आहे. माल सदोष निघाला, तर दुकानदाराला तो परत घ्यावा लागतो. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांची मुदत असते. पाटी लावली म्हणून तो सुटत नाही. मागितल्यावर पावती न देणे हेही चूकच. तक्रारीसाठी १९१५ हा फोन आहे. अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा ग्राहक आयोग आहेत.

पण नीट ध्यानात घ्या. शिवण उसवलेली, कापड फाटके, हा मालाचा दोष झाला. कपडा आपल्याला घट्ट झाला, हा मालाचा दोष नव्हे. तो बदलून देणे दुकानाच्या रिवाजावर असते. म्हणून पैसे देण्याआधीच घालून पाहावे.

आत जायची लाज कशाची? पायांना धूळ आहे, आतले कपडे जुने आहेत, असे वाटते. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. ते चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरले. त्यांना लाज वाटली नाही. आपण तर पैसे मोजून घेणारे गिऱ्हाईक आहोत.

भीती मात्र खोटी नाही. म्हणून आत गेल्यावर आधी कडी लावा. पडदा असेल तर बाहेर सोबतीण उभी करा. भिंतीत फट किंवा भोक आहे का, वर कुठे फोन ठेवला आहे का, ते पाहा. शंका आली तर कपडे न बदलता बाहेर या. अशा ठिकाणी कोणीही बाईला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र काढणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७७ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी १ वर्ष आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद होते. दंडही होतो. ११२ वर फोन केला की पोलीस येतात.

आता कपडा कसा पाहावा? हात वर करा. खाली वाका. मांडी घालून बसा. आपण मांडी घालूनच जेवतो ना? सुती कपडा धुतल्यावर थोडा आटतो. तो अगदी अंगाबरोबर घेऊ नये. आतून शिवण पाहा. शिवणीत जादा कापड राखलेले असते. शिंपी त्याला माया म्हणतात. माया असली तर कपडा पुढे सैल करता येतो.

पट्टीवरचा आकडाही वाचा. सदऱ्यावर ३८ असेल, तर बहुधा ते छातीचे इंच असतात. पँटीवर ३२ असेल, तर कमरेचे. पण सगळ्यांचे माप सारखे नसते. आकडा वाचावा, आणि घालूनही पाहावे. माणूस बरोबर नसेल, तर त्याचा नीट बसणारा कपडा मापाला न्यावा.

त्या सासू-सुना पुन्हा अकोल्याला गेल्या, तेव्हा सासूच म्हणाली, "जाय वो आत. मी दाराशी उभी रायतो."

वाचा आणि सांगा

१. साडीवरून ड्रेसचे माप का कळले नाही?
२. दुकानदाराला कोणता माल परत घ्यावा लागतो?
३. खोलीत गेल्यावर आधी काय पाहाल?
४. तुमच्या सदऱ्याच्या पट्टीवर कोणता आकडा आहे? वाचून दाखवा.