जुनी गाडी ठेवावी की बदलावी? – एक हिशोबाचा पाठ



नफा-तोटा, सरासरी आणि सरळव्याज हे धडे तुम्ही आठवीपर्यंत शिकता. परीक्षा झाली की ते वहीतच राहतात. या अंकात हे तिन्ही धडे घरोघरी कधी ना कधी येणाऱ्या एकाच प्रश्नाला लावून पाहू. दहा-बारा वर्षांची गाडी दुरुस्त करून वापरावी, की ती देऊन त्याहून नवी अशी सेकंडहँड गाडी घ्यावी?

गाड्यांचे शौकीन यावर तासन्‌तास बोलतात. एकाचे म्हणणे, “इंजिन ठणठणीत आहे, विकायची कशाला?” दुसऱ्याचे, “एकदा खर्च काढायला लागली की गाडी काढून टाकावी.” दोघांचाही अनुभव खरा असतो, पण पुरा हिशोब कोणीच कागदावर मांडत नाही. तो आपण मांडू.

१. खर्च कशाकशाचा?

गाडीचा खर्च पाच प्रकारचा असतो : (१) किमतीतली घट, (२) इंधन, (३) देखभाल व दुरुस्ती, (४) विमा व कागदपत्रे, (५) गाडीत अडकलेल्या पैशावरचे बुडालेले व्याज. मधले तीन खिशातून जातात म्हणून लक्षात राहतात. पहिला आणि पाचवा दिसत नाहीत, म्हणून हिशोबातून सुटतात. बहुतेक चुकीचे निर्णय इथेच होतात.

इंधनाचा खर्च काढण्यासाठी गाडीचे खरे ॲव्हरेज माहीत हवे. कंपनीचा आकडा इथे उपयोगाचा नाही. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर टाकी पुन्हा तशीच भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे तुमच्या गाडीचे ॲव्हरेज. असे तीनदा करून सरासरी घ्या.

२. उदाहरण

पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. घरी करताना स्वतःचे आकडे घाला. पेट्रोल १०० रुपये लिटर, वापर वर्षाला ८,००० किलोमीटर आणि मुदत तीन वर्षे, म्हणजे एकूण २४,००० किलोमीटर.

गाडी ‘अ’ : घरची, १२ वर्षांची. आहे त्या स्थितीत बाजारभाव ९०,००० रुपये. क्लच, सस्पेन्शन, चार टायर आणि बॅटरी मिळून मिस्त्रीचा अंदाज ४५,०००. ॲव्हरेज १५.

किमतीतली घट (तीन वर्षांनी ४५,००० येतील असे धरून) : ४५,०००
आताची दुरुस्ती : ४५,०००
पेट्रोल (१,६०० लिटर) : १,६०,०००
सर्व्हिसिंग व किरकोळ कामे (वर्षाला १५,०००) : ४५,०००
विमा (वर्षाला ६,०००) : १८,०००
एकूण : ३,१३,००० रुपये. दर किलोमीटरला सुमारे १३ रुपये ४ पैसे.

गाडी ‘ब’ : ५ वर्षांची सेकंडहँड. किंमत ४,००,०००. ॲव्हरेज २०.

किमतीतली घट (तीन वर्षांनी २,५०,००० येतील असे धरून) : १,५०,०००
पेट्रोल (१,२०० लिटर) : १,२०,०००
सर्व्हिसिंग (वर्षाला ८,०००) : २४,०००
विमा (वर्षाला १०,०००) : ३०,०००
नाव बदलण्याचा खर्च : ५,०००
जास्तीच्या ३,१०,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळव्याज : ६५,१००
एकूण : ३,९४,१०० रुपये. दर किलोमीटरला सुमारे १६ रुपये ४२ पैसे.

मिस्त्रीचा ४५ हजारांचा आकडा ऐकून छातीत धस्स होते. तरीही या घराला जुनी गाडी तीन वर्षांत ८१,१०० रुपयांनी स्वस्त पडते. ‘ब’ गाडी पेट्रोलवर ४०,००० वाचवते, पण किमतीतली घट आणि व्याज मिळून ती बचत केव्हाच गिळून टाकतात.

३. उत्तर केव्हा उलटते?

पेट्रोल सोडून ‘अ’चा खर्च १,५३,००० आणि ‘ब’चा २,७४,१००. फरक १,२१,१००. हा फरक पेट्रोलच्या बचतीतून भरून निघायला हवा. ‘अ’ला किलोमीटरमागे ६.६७ रुपयांचे पेट्रोल लागते आणि ‘ब’ला ५ रुपयांचे, म्हणजे किलोमीटरमागे बचत १.६७ रुपये (नेमकी ५/३). १,२१,१०० ला ५/३ ने भागले की ७२,६६० किलोमीटर येतात, म्हणजे वर्षाला सुमारे २४,२००.

इंदूरहून रोज पिथमपूरला गाडीने नोकरीला जाणाऱ्याचे येऊन-जाऊन साठेक किलोमीटर होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १८,००० आणि घरची इतर ये-जा वेगळी. असे घर या सीमेजवळ पोहोचते. शिवाय जास्त पळणाऱ्या जुन्या गाडीची दुरुस्तीही वाढते, म्हणून त्याने बदलण्याचा विचार जरूर करावा. ज्यांची गाडी राजवाड्यापर्यंत आणि रविवारी उज्जैनपर्यंत जाते, त्यांनी घाई करू नये. गाडी तीच असली तरी घर बदलले की उत्तर बदलते.

४. गेलेला पैसा हिशोबात धरू नका

“गेल्याच वर्षी तीस हजार घातले, आता कशी विकू?” हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते तीस हजार गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत आणि विकली तरी येणार नाहीत. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम समीकरणातून जाते, हे तुम्ही बीजगणितात शिकला आहात. त्या दुरुस्तीमुळे आज गाडीला जास्त भाव येत असेल किंवा पुढचा खर्च वाचणार असेल, तर तेवढाच भाग धरायचा. हिशोब आजपासून पुढचा असतो.

५. रुपयांत न मावणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट सुरक्षितता. भारतात चालकाची एअरबॅग नव्याने बनणाऱ्या सर्व मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलांत ती नाहीच. ब्रेक, स्टिअरिंग खराब असेल किंवा चासीला गंज चढला असेल, तर वरचा हिशोब करायचाच नाही. आधी ते काम, नाहीतर गाडी बंद.

दुसरी गोष्ट सुटे भाग. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी ती रस्त्यावर इतकी होती की तिचे भाग आणि तिचे मिस्त्री गल्लोगल्ली होते. याउलट शेव्हरोले गाड्यांची विक्री भारतात २०१७ अखेर बंद झाली, आणि फोर्डने इथले उत्पादन थांबवत असल्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. अशा गाड्या स्वस्तात मिळतात आणि चालवायला चांगल्याही असतात. पण घेण्याआधी हेडलाइट, बंपर, क्लच यांचे भाव व ते मिळायला किती दिवस लागतील, हे दुकानात विचारून यावे.

तिसरी गोष्ट वय. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. आपल्या उदाहरणातली ‘अ’ गाडी तीन वर्षांनी नेमकी याच टप्प्यावर येईल, म्हणून तीनच वर्षांची मुदत घेतली.

६. अदलाबदल करताना

शौकीन मंडळी कधीकधी गाडीच्या बदल्यात गाडी घेतात आणि वर फरक देतात. इथे एक पथ्य पाळावे : दोन्ही गाड्यांचा भाव वेगवेगळा ठरवावा आणि मग वजाबाकी करावी. नुसत्या फरकावर घासाघीस केली की कोणती गाडी महाग लावली ते कळत नाही. हौसेने बसवलेली अलॉय चाके आणि म्युझिक सिस्टिम यांना पुढचा माणूस तुमच्याइतका भाव देणार नाही, हेही धरून चालावे.

किलोमीटरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नये. सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात, पॅडलचे रबर किती झिजले ते पाहावे. टायरवर चार अंक असतात. ३२१९ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०२० ची, मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि टायर मात्र २०२४ चे, असे दिसले तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

७. कागद : इथे चूक फार महाग पडते

अदलाबदल म्हणजे कायद्याने दोन हस्तांतरणे. दोन्ही गाड्यांसाठी फॉर्म २९ व ३० भरावे लागतात. कर्ज फिटलेले असल्यास बँकेचे पत्र व फॉर्म ३५ लागतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून एम. एच. क्रमांकाची गाडी आणणारी घरे आपल्याकडे बरीच. त्यांना तिथल्या आर. टी. ओ.चे ना-हरकत पत्र (फॉर्म २८) घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते व इथला करही भरावा लागतो. भाव ठरवतानाच ही रक्कम धरा.

“नाव नंतर बदलू” असे म्हणून किल्ली देऊ नये. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक अशी अनेकांच्या हाती गेली होती, पण कागदावर पहिल्याचेच नाव होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ मात्र मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. प्रमाणपत्र घेऊन आपल्या पुढच्या गाडीला लावावा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात पेट्रोल ११० रुपये धरून वर्षाला किती किलोमीटर चालवल्यास दोन्ही गाड्या सारख्याच पडतील ते काढा. (उत्तर : सुमारे २२,०००)
२. घरच्या गाडीचे किंवा स्कूटरचे ॲव्हरेज टाकी भरण्याच्या रीतीने तीनदा काढून तक्ता करा.
३. घरच्या वाहनाचे आर. सी., विमा व पी. यू. सी. यांच्या मुदतीच्या तारखा वहीत लिहा. एखादी उलटून गेली असल्यास आज संध्याकाळीच बाबांना किंवा आईला दाखवा.
४. पालकांसाठी : पुढच्या वेळी मिस्त्रीचा अंदाज आला की होकार किंवा नकार देण्यापूर्वी पाच खर्चांचा तक्ता मुलांकडून करून घ्या. विश्वस्त मंडळींनाही संस्थेच्या वाहनासाठी हीच रीत वापरता येईल. मात्र मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनाच्या बाबतीत पाचव्या भागातली पहिली गोष्ट आधी पाहावी, बेरीज नंतर.