थकीत पगाराचा दावा

चि. महेश,

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, असे वेतन संहिता, २०१९ सांगते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. राजीनामा दिला, कामावरून काढले किंवा कारखाना बंद पडला, तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो.

अर्धे पैसे हातावर ठेवून ‘सर्व हिशोब मिळाला’ अशा कागदावर सह्या घेतल्या जात असल्याचे घरी कानावर आले आहे. पगाराचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही. पण पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि सही केलेली पावती तो भार हलका करते. म्हणून न मिळालेल्या पैशांची पावती लिहून देऊ नये.

नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, पासबुक आणि हजेरीची नोंद जपून ठेवावी. आधी लेखी मागणी करून तिची पोच घ्यावी. मग सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. कोणाकडे जायचे ते कामगार आयुक्त कार्यालयात कळते. अर्ज युनियनलाही करता येतो, आणि अनेकांचा मिळून एकच चालतो. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. तोही मालकाने पाळला नाही, तर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. ठेकेदाराने पगार बुडवला, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

१९८२च्या संपानंतर मुंबईत गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. तक्रार केली तर दुसरीकडे कोणी उभे करणार नाही, या धाकाने घरातली थोरली माणसेही मिळाले तेवढे घेऊन गप्प बसली. ती हळहळ अजून गेलेली नाही. सहीचा विषय पुन्हा पुन्हा निघतो तो त्यामुळेच.

दाव्याचा निकाल तीन महिन्यांत लागावा अशी अपेक्षा असली, तरी तो लांबू शकतो. तोवर खोलीचे भाडे आणि मुलांची फी घर बघेल. पगार थकला यात राबणाऱ्याचा काही दोष नसतो. तेव्हा घरी सांगायला संकोच नसावा, आणि उपाशीपोटी पाळीवर जाऊ नये.

थोरले काका