सतरा सप्टेंबर

इतिहासांतील तारखा पाठ करण्याचा कंटाळा कोणास येत नाहीं? परंतु एकच तारीख हातीं धरून त्या दिवशीं कोठें काय घडलें याचा शोध घेऊं लागलें म्हणजे तो कंटाळा पार पळून जातो. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत अशा शोधास १७ सप्टेंबरइतकी योग्य तारीख दुसरी नाहीं.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं शेजारचें सोलापूर स्वतंत्र झालें, पण आपला जिल्हा निजामाच्या राज्यांतच राहिला. तिकडे तिरंगा फडकत असतां इकडे त्याच दिवशीं स्वामी रामानंद तीर्थ यांस अटक झाली. पुढें तेरा महिने रझाकारांचा जुलूम चालला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहांटे मेजर जनरल चौधरी यांची फौज सोलापूरहून हैदराबादच्या वाटेनें निघाली. तिनें पहिल्याच दिवशीं नळदुर्ग घेतला. तेथील बोरी नदीवरील पूलही तिला शाबूत मिळाला. १७ तारखेस, शुक्रवारीं सायंकाळीं, निजाम मीर उस्मान अली खान यांनीं युद्धबंदी जाहीर केली. निजामाचे सेनापति एल एद्रूस यांनीं रीतसर शरणागति दिली ती मात्र १८ तारखेस. म्हणून एखाद्या पुस्तकांत १८ आढळल्यास तें चुकलें असें समजूं नये. एक शब्द देण्याचा दिवस, दुसरा शस्त्रें खालीं ठेवण्याचा.

त्याच शुक्रवारीं दूर जेरुसलेम शहरांत काउंट बर्नादोत यांची गोळ्या घालून हत्या झाली. हे स्वीडनचे गृहस्थ. १९४५ सालीं जर्मनांच्या छळछावण्यांतून हजारों बंदिवान त्यांनीं पांढऱ्या रंगविलेल्या मोटारगाड्यांतून सोडवून आणले होते, आणि आतां संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीनें ते अरब व यहुदी यांच्यांत मध्यस्थी करीत होते. या दोन घटनांचा परस्परसंबंध कांहींच नाहीं. तथापि आदल्याच दिवशीं त्याच राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें पॅरिस येथें हैदराबादचा प्रश्न निघाला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जग किती लहान आहे तें कळतें. बरोबर तीस वर्षांनीं, १७ सप्टेंबर १९७८ रोजीं, इजिप्त व इस्राएल यांच्या पुढाऱ्यांनीं वॉशिंग्टन येथें समेटाच्या मसुद्यांवर सह्या केल्या. अमेरिकेच्या राज्यघटनेवर ३९ प्रतिनिधींनीं सह्या केल्या तो दिवसही १७ सप्टेंबरच, साल १७८७. प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म १८८५ सालीं याच तारखेस झाला. अशी यादी हवी तेवढी लांबवितां येईल, पण लांबी म्हणजे ज्ञान नव्हे.

आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. एकाच गांवांत एकाच तारखेचा अर्थ दोन घरीं दोन प्रकारचा असूं शकतो. रझाकारांच्या भयानें घरदार सोडून गेलेलीं कुटुंबें त्या सप्टेंबरांत परत येऊं लागलीं. त्याच दिवसांत, ज्यांनीं कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें अशा अनेक मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें सर्वांत अधिक झळ लागलेले चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता. या चार जिल्ह्यांत मिळून निदान १८,००० माणसें मेलीं असा तिचा अंदाज होता. शेजाऱ्यांस आपल्या घरांत लपवून वांचविणारे हिंदूही तिला भेटले. समितीचें हें निवेदन कित्येक दशकें लोकांसमोर आलें नाहीं.

तेव्हां मुलांनीं यंदा १७ सप्टेंबरच्या सुटींत घरांतील व शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांस, त्यांनीं आपल्या आईबापांकडून १९४८ विषयीं काय ऐकलें तें विचारावें, व दोन्हीं बाजूंचें लिहून ठेवावें. पालकांनीं जुनीं महसुली कागदपत्रें असल्यास दाखवावींत. त्यांवरील सन बहुधा फसली असेल. त्यांत ५९० मिळवावे, आणि घटना वर्षाच्या जानेवारीनंतरच्या भागांतील असेल तर ५९१. त्या हिशेबानें सप्टेंबर १९४८ हा फसली १३५७ मध्यें पडतो.