डोंगा, प्रवाह आणि दोन समीकरणे

मुलचेऱ्याच्या पश्चिमेकडे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात व त्यांची प्राणहिता होते. पुढे ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. अशा नदीत डोंगा चालतो तेव्हा दोन वेग एकाच वेळी काम करीत असतात : एक वल्हवणाऱ्याचा, दुसरा पाण्याचा. काठावरून पाहणाऱ्यास मात्र दोहोंचा मिळून एकच वेग दिसतो. मग ते वेगळे कसे करावयाचे?

समजा, काठाकाठाने मोजलेले १२ किलोमीटर अंतर डोंगा प्रवाहाच्या दिशेने २ तासांत आणि प्रवाहाविरुद्ध ३ तासांत कापतो. संथ पाण्यात डोंग्याचा वेग ताशी क्ष किलोमीटर आणि प्रवाहाचा वेग ताशी य किलोमीटर मानू. जाताना पाण्याची मदत होते, येताना विरोध. म्हणून

क्ष + य = १२ ÷ २ = ६
क्ष − य = १२ ÷ ३ = ४

बेरीज केली की २क्ष = १०, म्हणून क्ष = ५. वजाबाकी केली की २य = २, म्हणून य = १.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. डोंगा दोन्ही वेळा प्रवाहाबरोबरच नेला असता, तर पहिलेच समीकरण पुन्हा मिळाले असते. नुसती दोन समीकरणे पुरत नाहीत. दुसऱ्याने नवी माहिती दिली पाहिजे.

पुष्कळांना वाटते, की जाताना जेवढे मिळते तेवढेच येताना जाते, म्हणजे एकूण वेळ सारखाच. तपासून पाहा. संथ पाण्यात २४ किलोमीटरांस २४ ÷ ५, म्हणजे ४ तास ४८ मिनिटे लागली असती. नदीत ५ तास लागले. १२ मिनिटे जास्त का? कारण मदत २ तासच मिळाली, विरोध मात्र ३ तास झाला.

पावसाळ्यात य वाढून ५ झाला, तर क्ष − य = ०. वल्ही चालतात, डोंगा जागच्या जागी! य ६ झाला, तर उत्तर −१ येते. ही ऋण संख्या निरर्थक नाही. वल्हवत असतानाही डोंगा ताशी १ किलोमीटर मागे वाहत जातो, असा तिचा अर्थ. पुरात डोंगा का घालू नये, हे समीकरणही सांगते.

आता हे सोडवा : एक डोंगा प्रवाहाबरोबर १६ व प्रवाहाविरुद्ध १२ किलोमीटर मिळून ५ तासांत जातो, प्रवाहाबरोबर २४ व प्रवाहाविरुद्ध ८ किलोमीटर जाण्यासही त्यास ५ तासच लागतात. दोन्ही वेग काढा. (सूचना : १/(क्ष + य) = प आणि १/(क्ष − य) = फ माना.)

उत्तर : डोंगा ताशी ६ कि. मी., प्रवाह ताशी २ कि. मी.